गाडी विकली, नाव राहिलं

जुन्या गाडीचा व्यवहार पुरा झाला की विकणारा मोकळा होतो. पैसे खात्यात आले, किल्ली दिली, आता त्या गाडीशी आपला काय संबंध? घर बदललेल्या माणसाचा सवाल थोडा वेगळा असतो: लायसन्स देशभर चालतं, मग त्यावरचा पत्ता जुना असला म्हणून काय बिघडलं? या दोघांना शिकल्यासवरल्या मंडळींकडून तात्त्विक आधारही मिळतो. आरटीओतल्या नोंदी म्हणजे सरकारी सोपस्कार, एजंटांच्या कमाईची सोय. त्या टाळणारा नागरिक कुणाचं काही वाकडं करत नाही, असं हे मत. सोसायटीच्या सभेपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत ते इतकं सहज मान्य होतं की त्याला कुणी हटकत नाही. हटकायला हवं. कारण या टाळाटाळीत नुकसान होतं, आणि पुष्कळदा ते अशा माणसाचं होतं ज्याने ती गाडी कधी पाहिलेलीही नसते.

आधी कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ (३०) मध्ये मालक कोण हे सांगितलं आहे: ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो. नोंदीतली व्यक्ती अज्ञान असेल तर तिचा पालक, आणि गाडी भाडेखरेदी किंवा तारण अशा करारावर असेल तर करारानुसार ती ज्याच्या ताब्यात आहे तो, एवढेच अपवाद. पैसे कुणी मोजले, पेट्रोल कोण भरतं, गाडी रात्री कुणाच्या दारात उभी असते, यांतल्या एकाही गोष्टीचा तिथे उल्लेख नाही. १९३९ च्या जुन्या कायद्यातल्या व्याख्येत नोंदणीचा असा थेट आधार नव्हता. तो १९८८ मध्ये आला.

त्याचा अर्थ व्यवहारात काय होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सांगितलं. मे २००९ मध्ये एक मोटार मागे घेताना रस्त्याने चाललेल्या दोघांना धडकली. बाई जखमी झाली, तिचा लहान पुतण्या गेला. नोंदीतल्या मालकाने ती गाडी जुलै २००७ मध्येच विकली होती. पुढे ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, नोंद मात्र पहिल्याच नावावर. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ज्याच्या ताब्यात गाडी गेली होती त्याला जबाबदार धरलं. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर ठेवली. त्यामागचं कारण सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. अपघातात घरचं माणूस गमावलेल्याने, गाडी कुणी कुणाला विकली आणि त्याने पुढे कुणाला, हा न नोंदलेल्या व्यवहारांचा माग काढत हिंडावं, ही अपेक्षा कायद्याला धरता येत नाही. नोंदवहीत नाव आहे, त्याच्याकडे जावं, एवढा सोपा रस्ता त्याला मिळालाच पाहिजे.

नोंद हा सोपस्कार आहे असं म्हणणाऱ्यांना नेमका हा माणूस दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर विकणारा, घेणारा आणि आरटीओ असे तिघेच असतात. ज्याच्यासाठी ही नोंदवही मुळात ठेवली जाते तो चौथा. तो फुटपाथवरून चाललेला असतो, सायकलवर असतो, शाळेतून घरी येत असतो.

"पण डिलिव्हरी नोट केलीय ना, स्टॅम्प पेपरवर, नोटरीसकट!" हे उत्तर हमखास येतं. त्या कागदावर दिवस आणि वेळ असते, आजपासूनचे अपघात, दंड आणि गुन्हे यांची जबाबदारी घेणाऱ्याची, असं कलम असतं, दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. हा कागद निरुपयोगी आहे असं कुणी म्हणत नाही. विकणाऱ्याला त्याच्या आधारे घेणाऱ्याशी भांडता येईल. पण ते भांडण त्या दोघांचं. अपघातग्रस्ताने त्या करारावर सही केलेली नसते, त्यामुळे तो कागद दाखवून त्याला परत पाठवता येत नाही.

शेतजमिनीच्या बाबतीत हाच मराठी माणूस किती जागरूक असतो! खरेदीखत झालं की फेरफार पडेपर्यंत त्याला झोप लागत नाही, तलाठ्याकडे तो खेटे घालतो, नव्या सातबाऱ्याची प्रत काढून कपाटात ठेवतो. खरं तर सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकी हक्काचा अंतिम पुरावा नव्हे. गाडीच्या बाबतीत तर कायद्याने मालकाची व्याख्याच नोंदीवर उभी केली आहे. जिथे नोंद तुलनेने कमी निर्णायक तिथे एवढी दक्षता, आणि जिथे सगळं नोंदीवर ठरतं तिथे "बघू नंतर" हा हिशेब उलटा आहे.

ही बेफिकिरी कशी घडते ते एखाद्या जुन्या गाड्यांच्या व्यवहारात जवळून पाहावं. टेबलावर टीटीओचा सेट येतो, म्हणजे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. घेणाऱ्याचं नाव कोरं. तारीख कोरी. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेली प्रिंट सेटला टाचलेली असते. विकणारा फुल्यांवर सह्या करतो आणि पैसे घेऊन निघतो. मधला व्यापारी तो सेट फाइलला लावून ठेवतो, कारण गाडी आधी स्वतःच्या आणि मग गिऱ्हाइकाच्या नावावर करायची म्हणजे दोनदा खर्च. गाडी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाते तेव्हा तो कोरा सेटही तिच्याबरोबर जातो. या सगळ्या काळात रस्त्यावर ती गाडी काहीही करो, कायद्याच्या लेखी ती पेन्सिलीच्या फुलीवर सही करून गेलेल्या माणसाची असते.

वास्तविक कलम ५० ने विकणाऱ्याचं काम घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं आणि त्याची प्रत घेणाऱ्याला द्यायची. गाडी परराज्यात जाणार असेल तर ४५ दिवस. घेणाऱ्याला ३० दिवस. म्हणजे फॉर्म २९ हा विकणाऱ्याचा स्वतःचा फॉर्म आहे. तो कोरा सोडून देणं म्हणजे स्वतःचा एकमेव बचाव अनोळखी माणसाच्या हाती देणं.

१० नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत स्फोट झाला आणि माणसं मेली. गाडी हरियाणा पासिंगची होती. नंबरावरून पोलीस गुरुग्रामच्या ज्या माणसापर्यंत पोहोचले त्याने ती आधीच विकलेली होती; त्यानंतर तिने अनेक हात बदलले होते. अशा वेळी नोंदीतल्या माणसाची चौकशी होणारच, झालीच पाहिजे. पण त्या पहिल्या तासांत तपासाची दिशा जुन्या नावापाशी अडकते, आणि ज्याचा काही संबंध नाही त्याच्या दारात रात्री पोलीस उभे राहतात. इतकं भयंकर रोज घडत नाही. दारूची वाहतूक, पळून गेलेला ट्रक, पेट्रोल पंपावर पैसे न देता निघालेली दुचाकी हे मात्र रोजचं आहे, आणि तिथेही तपास नंबरप्लेटपासूनच सुरू होतो.

आता घेणाऱ्याकडे वळू. तो स्वतःला हुशार समजत असतो, कारण चलान जुन्या मालकाला जातं. त्याने तीन कागद शेजारी शेजारी ठेवावेत: आरसी, विम्याची पॉलिसी आणि स्वतःचं लायसन्स. मालक-चालकासाठीचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ पासून १५ लाख रुपयांचा झाला. तो मिळण्याच्या अटी साध्या आहेत: चालवणारा हा नोंदीतला मालक हवा, पॉलिसीत विमाधारक म्हणून त्याचंच नाव हवं आणि त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. आरसी नाशिकच्या जुन्या मालकाच्या नावावर, पॉलिसीही त्याचीच, आणि गाडी चालवताना मेला तो जळगावचा घेणारा. त्याच्या बायकोच्या हाती त्या १५ लाखांतला एक रुपया येत नाही. विमा कंपनीला इथे दोष देणं सोपं आहे, पण पॉलिसीत त्या माणसाचं नावच नाही.

तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर जातो, असं कलम १५७ मानतं. तरी नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतोच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं तसं नाही. त्या भागाला हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केलं आहे. उलट २०२० च्या सुरेंद्रकुमार भिलावे प्रकरणात ट्रक विकला गेला होता हे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला, तेव्हा न्यायालयाने नोंद जुन्या मालकाच्या नावावर आहे म्हणून तोच मालक ठरवला आणि कंपनीला जबाबदार धरलं. एका खटल्यात नोंदीने माणसाला बुडवलं, दुसऱ्यात तारलं. निकष दोन्हीकडे नोंद हाच.

मरण पावलेल्या वडिलांच्या नावावर वर्षानुवर्षं चालणाऱ्या स्कूटरी हा वेगळाच, हळवा विषय आहे. नाव काढणं म्हणजे माणूस पुसणं, असं घरच्यांना वाटतं. भावना खरी आहे. नियम तिच्या आड येत नाही: ३० दिवसांत मृत्यूची माहिती देऊन वारस ती गाडी तीन महिने वापरू शकतो, त्या मुदतीत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. २०२१ पासून तर मालकाला हयातीतच आरसीवर वारसदार नेमता येतो. वडिलांची आठवण गाडीत आहे. ती जपण्यासाठी मुलाने विम्याविना रस्त्यावर उतरावं असं त्यांनाही आवडलं नसतं.

पत्त्याचा प्रश्न नावाइतका गंभीर नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. लायसन्स खरोखरच देशभर चालतं. आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत कळवा, असं कलम ४९ सांगतं. न कळवल्यास कारवाईऐवजी घ्यायची रक्कम पाचशे रुपयांच्या आत आहे, आणि ती भरावी लागलेला माणूस सहसा भेटत नाही. म्हणूनच "सगळं मोबाइलवर येतं" हा युक्तिवाद पटतो. पण नोंदीतला मोबाइल नंबर कुणाचा आहे, हे कितीजणांनी पाहिलं आहे? गाडी घेताना शोरूमच्या पोराने घाईत टाकलेला, एजंटाचा, किंवा मालकाचाच पण कधीचा बंद पडलेला. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देते. ई-चलान, लोकअदालतीची नोटीस, ओटीपी हे सगळं मग त्या तिसऱ्याच माणसाच्या फोनवर वाजत राहतं. लायसन्सचं नूतनीकरण झालं की कार्ड स्पीड पोस्टाने नोंदीतल्या पत्त्यावर निघतं आणि घर बंद म्हणून परत फिरतं. त्यानंतरच्या हेलपाट्यांबद्दल माणूस आरटीओला शिव्या देतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे रिकॉल. गाडीत जिवावर बेतणारा दोष निघाला तर कंपनीने ती परत बोलवावी, असा आदेश देण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ म्हणून कायद्यात आली. त्याआधीही ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगसाठी होंडाने भारतात अनेकदा गाड्या बोलावल्या. ही एअरबॅग फुगताना तिच्यातून धातूचे तुकडे उडू शकतात. अशी सूचना जुन्या मालकाला, जुन्या पत्त्यावर गेली तर तो काय करणार? गाडी कुठे आहे हे त्यालाही माहीत नसतं. आणि ती चालवणाऱ्याला स्टिअरिंगमध्ये काय दडलंय, याची गंधवार्ता नसते.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा भाडेकरूंचा आहे, आणि तो उडवून लावणं अन्यायाचं होईल. पुण्यात, ठाण्यात, नव्या मुंबईत लाखो लोक ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. घरमालकाने नवा करार नाकारला की दरवर्षी पत्ता बदलतो. वीजबिल घरमालकाच्या नावावर, गॅस आदल्या भाडेकरूच्या नावावर. अशा माणसाला दरवर्षी पत्ता बदला म्हणणं म्हणजे त्याच्यावर दरवर्षीचा दंडच, असं ते म्हणतात.

त्रास खरा आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. ज्याच्याकडे नोंदणीकृत करार आहे त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा आहे. त्यावरून आधारवरचा पत्ता बदलतो आणि आधारवरून परिवहनच्या पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने अशा ५८ सेवा आधार पडताळणीवर आणल्या. जिथे कागदच नाही तिथे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ४ मध्ये पत्त्यासाठी दंडाधिकारी किंवा नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र चालतं. लायसन्सवरचा पत्ता बदलायचं नियमातलं शुल्क २०० रुपये, कार्डाचे वेगळे. खिडकीवरचा कर्मचारी प्रतिज्ञापत्र स्वीकारत नसेल तर भांडण त्याच्याशी आहे. ते जरूर करावं, नियम क्रमांक सांगून करावं, लेखी नकार मागावा. खिडकीवरच्या अडवणुकीचा राग नोंदवहीवर काढला तर अडवणूक तशीच राहते आणि नोंदवहीही चुकीची होते.

सीमेपलीकडे गेलेल्यांचं गणित निराळं. सावंतवाडीहून म्हापशाला किंवा चंदगडहून बेळगावला कायमचं कामाला गेलेल्याची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक राहिली तर कलम ४७ नुसार तिथे नव्याने नोंदवावी लागते: एनओसी, नवा नंबर, तिथला कर. हे जाचक आहे आणि बदलायला हवं. १५ सप्टेंबर २०२१ पासून आलेली बीएच मालिका त्यावरचा उपाय होता, पण तो सरकारी नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांचे कर्मचारी यांच्यापुरताच ठेवला. म्हापशात गॅरेजवर राबणाऱ्या कारागिराला त्यात जागा नाही, याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे.

बायकांच्या नावाचा घोळ तर आपणच वाढवून ठेवला आहे. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही, तरी तसा आहे असं समजून पुष्कळ घरांत बदललं जातं, आणि तेही अर्धवट. लायसन्स माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, गाडी वडिलांनी घेतली म्हणून आरसीवर पुन्हा माहेरचं, बँकेत मधलं नाव नुसत्या अद्याक्षराने. पोर्टलवर आधारशी नाव जुळेना की अर्ज पुढे सरकत नाही. "नंतर बघू" हा सल्ला तिला नेहमी दुसरे देतात. विमा अडला की धावपळ ती करते. कुठलं नाव ठेवायचं हे तिचं तिने ठरवावं, सासरच्यांनी नव्हे, आणि जे ठरेल ते सगळ्या कागदांवर एकच असावं. माहेरचं नाव सगळीकडे तसंच ठेवलं तर बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

एक आक्षेप मात्र सरकारने स्वतःच्या कर्माने ओढवून घेतलेला आहे. खरा पत्ता आणि खरा नंबर द्यायचा तो कुणाला? वाहन आणि सारथी या प्रणालींतली माहिती केंद्राने २०१९ च्या धोरणाखाली खासगी कंपन्यांना पैसे घेऊन दिली आणि त्यातून शंभर कोटींहून अधिक रुपये मिळवले, हे खुद्द मंत्र्यांनी संसदेत सांगितलं. ते धोरण जून २०२० मध्ये मागे घेतलं गेलं. नागरिकाचा पत्ता हा विकायचा माल नव्हे, आणि त्याबद्दलचा संताप योग्यच आहे. पण खोटा पत्ता ठेवून डेटा विकणाऱ्याचं काही बिघडत नाही. अपघातग्रस्ताचं बिघडतं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्यातले हक्क मागणं हा त्यावरचा रस्ता आहे.

परिवहन खात्याकडे यापुढची मागणी नेमकी हवी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी एक गोष्ट चांगली केली: अधिकृत जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी दिली की फॉर्म २९ सी भरून ते खात्याला कळवायचं, आणि तेव्हापासून तो व्यापारी मानीव मालक ठरतो. म्हणजे घेणारा सापडेपर्यंत विकणाऱ्याच्या मानेवर टांगती तलवार नाही. पण हे फक्त अधिकृत व्यापाऱ्यापुरतं. शेजाऱ्याला, गावातल्या ओळखीच्याला किंवा ऑनलाइन जाहिरात पाहून आलेल्या अनोळखी माणसाला गाडी विकणाऱ्याने फॉर्म २९ दिला, तरी घेणारा फॉर्म ३० घेऊन येईपर्यंत त्याचं नाव आरसीवरून हलत नाही. विकणाऱ्याची सूचना मिळाल्याच्या दिवशी वाहन प्रणालीत "विक्रीची सूचना प्राप्त" असा ठळक शेरा पडावा, घेणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जावा, आणि ३० दिवसांत त्याने नाव लावलं नाही तर त्या गाडीची पीयूसी आणि विम्याचं नूतनीकरण करताना तो शेरा समोर यावा. तोपर्यंत विकणाऱ्याने टीटीओच्या सेटवर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख स्वतःच्या हाताने भरावी, त्याच्या आधार कार्डाची प्रत घ्यावी, फॉर्म २९ ची एक प्रत आरटीओच्या आवक खिडकीवर देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख मागावी, आणि महिन्याभराने एम-परिवहनवर आपलाच जुना नंबर टाकून आरसीवर कुणाचं नाव आहे ते पाहावं.